कळणं आणि कळवणं : मेंदूत जाणीव शोधताना नेमकं काय मोजलं जातं?

त्रिज्या (धागाकर्ती)

१९९८ साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्यात पैज लागली. येत्या २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल, असं कॉखचं म्हणणं. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी हार कबूल केली आणि चाल्मर्सना वाइनची पेटी दिली. बातम्या एवढ्यावरच थांबल्या. 'मेंदू फार गुंतागुंतीचा आहे, म्हणून पैज हरली' हे त्यावरचं नेहमीचं भाष्य मला पटत नाही. गुंतागुंत आहेच, पण खरी गोम मोजमापात आहे.

आधी शब्द. मराठीत इथे चांगली सोय आहे. भूल दिली की शुद्ध जाते. गाण्यात रंगलं की भान हरपतं, शुद्ध मात्र शाबूत असते. आणि दाढेची ठसठस ज्याची त्यालाच होते, ती जाणीव. या धाग्यापुरतं असं धरू: शुद्ध म्हणजे जागेपणाची पातळी, भान म्हणजे जे वापरता आणि सांगता येतं ते, जाणीव म्हणजे खुद्द अनुभव. नेड ब्लॉक या तत्त्वज्ञाने १९९५ साली जी फोड केली, ती साधारण आपल्या भान आणि जाणीव यांमधली.

आता प्रयोग. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. एका फ्रेमपुरता एक आकडा दाखवायचा, मग क्षणभर रिकामा पडदा, मग त्या जागेभोवती अक्षरांचं 'झाकण'. झाकण १६ मिलिसेकंदांनी आलं तर आकडा दिसतच नाही. १०० नी आलं तर स्वच्छ दिसतो. ५० च्या आसपास उंबरठा असतो: तोच आकडा, तेच अंतर, पण कधी दिसतो, कधी नाही. दिसलेल्या वेळचा ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या लाटा) घ्यायचा, त्यातून न दिसलेल्या वेळचा वजा करायचा. उरलं ते जाणिवेचं, असा हिशेब.

हिशेब चुकतो तो इथे. वजाबाकीत तीन गोष्टी एकत्र उरतात: दिसण्याआधीची तयारी (त्या क्षणी लक्ष ताळ्यावर होतं), खुद्द दिसणं, आणि दिसल्यानंतरचा पसारा, म्हणजे लक्षात ठेवणं, उत्तर ठरवणं, बोट बटणाकडे नेणं. तिसऱ्याला मी 'कळवणं' म्हणते. ३०० मिलिसेकंदांच्या सुमाराला डोक्याच्या मध्यावर उमटणारी एक मोठी लाट कित्येक वर्षं जाणिवेची सही समजली जात होती. पुढे असे प्रयोग झाले, ज्यांत आकृती दिसते पण तिचं काहीच करायचं नसतं. ही लाट जवळजवळ गायब! ती कळवण्याची होती.

तर प्रश्न असा: कळणं ठेवून कळवणं गाळता येतं का?

(एक तांत्रिक तळटीप, करून बघणाऱ्यांसाठी: संगणक '१ फ्रेम दाखवली' म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका. एक फ्रेम हुकली की १६ चे ३३ होतात आणि 'न दिसणारा' आकडा दिसू लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच फ्रेमला पांढरा ठिपका ठेवा आणि त्यावर प्रकाशसंवेदक चिकटवून प्रत्येक फेरी तपासा.)

---

टपरीवर

पुढे आयआयटी येणार हे उघड आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो: पवईची नव्हे. 'इंटिग्रेटेड इन्फर्मेशन थिअरी'. मागे एका धाग्यावर दोन पानं गैरसमजात गेली होती.

बाकी 'कळणं आणि कळवणं' झकास. वाचनखूण साठवली.

---

भुलभुलैया

त्रिज्या, या प्रश्नाचं सगळ्यात उघडंवाघडं रूप शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतं. तत्त्वज्ञानाच्या चर्चेत ते क्वचित येतं, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण भुलीत साधारण तीन कामं होतात: शुद्ध घालवणं, वेदना दाबणं, आणि गरज असेल तिथे स्नायू सैल करणं. तिसऱ्या औषधानंतर माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही. म्हणजे पहिलं औषध कमी पडलं, तरी बाहेरून पत्ता लागत नाही. कळतंय, पण कळवण्याचे सगळे रस्ते बंद.

१९७७ साली टन्स्टॉलने यावर साधी युक्ती काढली. स्नायू सैल करणारं औषध शिरेत जाण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा बांधायचा आणि वरच्या रक्तदाबापेक्षा बराच जास्त फुगवायचा. औषध त्या हातात पोचत नाही. सगळं शरीर लुळं, तो पंजा मोकळा. मग रुग्णाचं नाव घेऊन म्हणायचं, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.'

यात चुकायच्या जागा:

पट्टा औषधाआधीच फुगलेला हवा. क्रम उलटला तर हातही लुळा पडतो आणि 'प्रतिसाद नाही' या नोंदीला अर्थ उरत नाही. पट्टा साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त ठेवला तर रक्त न मिळाल्याने मज्जातंतूच काम करेनासे होतात, मग पुन्हा तीच खोटी शांतता. बोटं अशीतशी हलली की उत्तर धरायचं नाही. सूचनेनंतर हात दाबला जातो का, पुन्हा सांगितल्यावर पुन्हा दाबला जातो का, हे बघायचं.

आता आकडे शेजारी ठेवा. रुग्णांनी आपणहून तक्रार केली तरच मोजायचं, असं ठरवलं तर ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत भुलीतल्या जागेपणाचं प्रमाण सुमारे १९,००० त १ निघालं. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक प्रश्न विचारून (झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं काय? मधलं काही? स्वप्न?) मोजलं तर १,००० त १ ते २. आणि पट्ट्याच्या पद्धतीने, २०१७ च्या एका अभ्यासात, २६० पैकी १२ जणांनी श्वासनळीत नळी घातल्यावर सांगितल्याप्रमाणे हात दाबला. म्हणजे साधारण २२ त १.

विषय तोच, भुलीतला जागेपणा. आकड्यांत जवळजवळ हजारपट फरक, आणि त्याचं मोठं कारण विचारण्याची पद्धत. (तिन्ही अभ्यासांतले रुग्ण आणि भुलीचे प्रकार वेगळे होते, हे लक्षात ठेवून.)

---

खुंटी

भुलभुलैया, माहिती उत्तम, निष्कर्ष घाईचा. हात दाबणाऱ्या बहुतेकांना नंतर काही आठवत नाही ना? मग 'त्यांना कळत होतं' हे कशावरून? सूचनेप्रमाणे हात दाबणं हे यंत्रवत होऊ शकतं. झोपेत चालणारा माणूस दार उघडतो, जिना उतरतो. तिथे आपण जाणीव मानतोच असं नाही.

---

भुलभुलैया

रास्त शंका. पण तिची दुसरी बाजू बघा: आठवत नाही म्हणून कळलंच नव्हतं, हेही सिद्ध होत नाही. मिडाझोलामसारखी औषधं आठवण साठवूच देत नाहीत. ती दिलेला माणूस तुमच्याशी नीट बोलतो, दुखलं तर हात काढून घेतो, आणि संध्याकाळी त्यातलं काहीही सांगू शकत नाही. आठवण हा कळवण्याचाच एक प्रकार आहे, फक्त उशिरा केलेला.

---

अर्धवट

इथेच थांबून दोघांनाही एक प्रश्न. हात दाबणं पुरेसं नाही, आठवण आवश्यक नाही. मग पुरेसं काय आणि आवश्यक काय? याचं उत्तर प्रयोगातून मिळत नाही, ते आधी मानावं लागतं. सिद्धान्त वेगळे होतात ते याच गृहीतकावर. मी ढोबळ मांडतो, कारण पुढच्या प्रतिसादांत नावं येतीलच.

बार्सने १९८८ मध्ये मांडलेला आणि देहेनने मेंदूत बसवलेला 'सार्वत्रिक कार्यमंच' म्हणतो: माहिती जोवर दृष्टीच्या खोलीत आहे तोवर जाणीव नाही. ती चावडीवर आली, म्हणजे स्मृती, भाषा, निर्णय सगळ्यांना एकदम उपलब्ध झाली, की जाणीव. या सिद्धान्ताच्या लेखी कळणं म्हणजे कळवता येण्याजोगं होणं. त्याला कपाळामागचा मेंदू लागतो.

लामचा 'पुनरावर्तनाचा' सिद्धान्त म्हणतो: दृष्टीच्या खोलीतच पुढे गेलेला संदेश उलटा मागे आला की पुरे. चावडी नंतरची.

रोझेन्थाल आणि लाऊ यांचा 'उच्चस्तरीय' पंथ म्हणतो: पहिल्या पातळीवरच्या अवस्थेबद्दल मेंदूत दुसरी अवस्था हवी, 'मी हे बघतोय' अशी. लाऊ आणि पॅसिंगहॅम यांचा २००६ चा प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. झाकणाची दोन अंतरं अशी निवडली की बरोबर ओळखण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, पण 'दिसलं' म्हणण्याचं प्रमाण वेगळं. कामगिरी सारखी, जाणीव वेगळी. फरक दिसला तो कपाळामागच्या एका भागात. वजाबाकी करायचीच तर अशी करावी.

आणि टोनोनीचा आयआयटी (पवईचा नसलेला) म्हणतो: कळवण्याशी काही देणंघेणंच नाही. रचना स्वतःवर किती आणि किती एकसंधपणे परिणाम करते, तीच जाणीव.

---

त्रिज्या

अर्धवट, नेमकं मांडलंत. त्याला जोडून कळवणं गाळण्याचा सगळ्यात देखणा प्रयत्न सांगते.

दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली तर त्यांची सरमिसळ दिसत नाही. काही सेकंद एक दिसतं, मग दुसरं, मग परत पहिलं. डोळ्यांवर पडणारा प्रकाश तोच, बदलतो तो फक्त अनुभव. लोगोथेटिसने माकडांना कोणतं दिसतंय ते खटका ओढून सांगायला शिकवलं आणि एकेका पेशीचं बोलणं नोंदवलं. डोळ्यांकडून कॉर्टेक्सला (मेंदूच्या वरच्या सुरकुत्यांच्या थराला) माहिती जिथे पहिल्यांदा मिळते, तिथल्या पाचापैकी जेमतेम एखादी पेशी अनुभवाप्रमाणे बदलत होती. कानशिलाखालच्या, वस्तू ओळखणाऱ्या भागात सुमारे ९० टक्के.

माणसांत फंक्शनल एमआरआयवर (मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा वाढला ते दाखवणारा स्कॅन) हे केलं की प्रत्येक बदलाच्या वेळी कपाळामागचा भाग उजळायचा. कार्यमंचवाले खूश. २०१४ मध्ये बटणच काढून टाकलं. एका डोळ्याला डावीकडे सरकणारे पट्टे, दुसऱ्याला उजवीकडे. जे दिसतं त्या दिशेने बुबुळं नकळत हळू सरकतात आणि झटक्यात परत येतात, चालत्या गाडीतून तारेचे खांब बघताना होतं तसं. त्यावरून काय दिसतंय ते न विचारता कळतं. शिवाय एका बाजूचे पट्टे जास्त उजळ ठेवले तर बाहुलीचा आकारही चुगली करतो. बटण गेल्यावर कपाळामागचा उजेड बराच ओसरला. मागचा मात्र टिकून राहिला.

---

खुंटी

म्हणजे आयआयटी आणि लाम जिंकले?

---

त्रिज्या

नाही ना! फंक्शनल एमआरआय लाखो पेशींची सरासरी दाखवतो. २०२२ मध्ये माकडांच्या कपाळामागच्या भागात थेट इलेक्ट्रोड घालून, खटका न देता हाच प्रयोग झाला, तेव्हा कोणतं चित्र अनुभवात आहे ते तिथल्या पेशींवरून वाचता आलं. सरासरीत जे विरून जातं ते पेशीपेशीत असू शकतं. 'उजेड ओसरला' याचा अर्थ 'माहिती नाही' असा घेता येत नाही.

आणि ब्लॉकचा आक्षेप आहेच: बटण काढलं म्हणून विचार थांबत नाही. स्कॅनरमध्ये पडलेला माणूस 'अरे, बदललं वाटतं' असं मनात म्हणतोच. बाहेर कळवणं गाळलं, स्वतःला कळवणं राहिलं.

---

शून्यप्रहर

न्यूयॉर्कच्या त्याच परिषदेत दोन सिद्धान्तांच्या सामन्याचा जो निकाल जाहीर झाला त्याचा तपशील कुणी दिला नाही, तो देतो. सविस्तर निबंध २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

कल्पना अशी: कार्यमंच आणि आयआयटी या दोन्ही पक्षांनी निकालाआधी लेखी भाकितं द्यायची, कोणता निकाल आपल्या विरुद्ध धरायचा तेही आधी लिहायचं, आणि प्रयोग तिसऱ्यांनीच करायचा. २५६ जण: १२० फंक्शनल एमआरआयवर, १०२ एमईजीवर (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून टिपणारं यंत्र), आणि ३४ मिरगीचे रुग्ण, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच इलेक्ट्रोड घातलेले होते. चेहरे, वस्तू, अक्षरं आणि अक्षरांसारख्या खोट्या आकृत्या दाखवल्या. समोरून, डावीकडून, उजवीकडून. अर्धा, एक किंवा दीड सेकंद. दरवेळी दोन ठरावीक चित्रं दिसली तरच बटण, बाकीची नुसती बघायची.

कळीचा मुद्दा वेळेचा आहे. चित्र दीड सेकंद दिसत राहिलं, तर मेंदूतली खूणही दीड सेकंद टिकायला हवी का? आयआयटी म्हणाला: हो, मागच्या मेंदूत, त्या भागांमधल्या लयीच्या जुळणीसकट. कार्यमंच म्हणाला: कपाळामागे एक भडका चित्र आल्यावर आणि एक गेल्यावर, मध्ये शांतता चालेल.

निकाल: मागच्या भागात चित्राची माहिती टिकली, पण आयआयटीला हवी तशी टिकाऊ जुळणी सापडली नाही. कपाळामागे चित्राचा वर्ग (चेहरा की वस्तू) वाचता आला, पण ते कोणत्या बाजूला वळलंय ते तिथे सापडलं नाही, आणि चित्र गेल्यानंतरचा भडका जवळपास नाहीच. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा कार्यमंचाला सगळ्यात जड जातो. चित्र गेलेलं आपल्याला कळतं की. मग चावडीवर ती बातमी आली कशी नाही?

न्यूयॉर्कच्या त्या परिषदेनंतर तीन महिन्यांत १२४ जणांच्या सहीचं पत्र निघालं की आयआयटी हे छद्मविज्ञान आहे. आयआयटीबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पण आधी लिहून दिलेलं भाकीत चुकलं, हे छद्मविज्ञानाचं लक्षण नव्हे. उलट आहे.

---

खुंटी

तक्रारी कोणत्या ते लिहाच.

---

शून्यप्रहर

दोन.

पहिली हिशेबाची. फाय (आयआयटीचं माप: रचना किती एकसंध आहे तो आकडा) काढायचा म्हणजे रचनेचे सगळ्या प्रकारांनी तुकडे पाडून बघायचं की कुठे कापलं तर सगळ्यात कमी नुकसान होतं. नुसते दोन भाग पाडायचे तरी n घटकांसाठी २ चा (n−१) वा घात, वजा १, इतके प्रकार. १० घटकांना ५११. सी. एलेगन्स या एक मिलिमीटरच्या जंताला ३०२ न्यूरॉन असतात. तिथे ही संख्या ४ वर ९० शून्यं इतकी होते. आणि हे एकाच अवस्थेसाठी, एकाच उपसमूहासाठी. आयआयटीला सगळे उपसमूह हवेत. मेंदूचा फाय आजवर कुणी काढलेला नाही. बातमीत 'फाय मोजला' दिसलं तर समजा की त्याच्या नावाने दुसरंच काहीतरी मोजलंय.

दुसरी रचनेची. २०१४ साली स्कॉट ॲरन्सन या संगणकशास्त्रज्ञाने दाखवलं की अगदी साधी तर्कद्वारं (संगणकातले ०-१ चे मूळ घटक) योग्य रीतीने जाळीत जोडली, तर त्यांचा फाय हवा तेवढा वाढवता येतो. जाळी काहीच करत नाही, नुसती बसून असते. टोनोनींनी यावर सारवासारव केली नाही. म्हणाले, हो, तशी जाळी जाणीव असलेली असेल. प्रामाणिकपणाला दाद, पण इथे माझा पाय अडतो.

श्रेय द्यायचं तिथे मात्र देतो. तुमच्या ८६ अब्ज न्यूरॉनपैकी सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत असतात, वरच्या सुरकुत्यांच्या कॉर्टेक्समध्ये जेमतेम १६ अब्ज. तरी लहान मेंदूला मोठी इजा झाली तर तोल जातो, बोलणं अडखळतं, जाणीव जात नाही. का? आयआयटीचं उत्तर: लहान मेंदू म्हणजे शेजारीशेजारी मांडलेल्या हजारो स्वतंत्र पट्ट्या, परत फिरणारे धागे कमी. गर्दी आहे, एकी नाही. इतरांकडे याला इतकं थेट उत्तर क्वचितच मिळतं.

---

भुलभुलैया

'फायच्या नावाने दुसरंच' यावरून पीसीआय, म्हणजे विचलन-जटिलता निर्देशांक. तो आयआयटीच्या कल्पनेतून आला, पण फाय नव्हे, आणि आयआयटी उद्या कोसळला तरी तो चालेल.

कृती: डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा, ६० इलेक्ट्रोडवर पुढच्या ३०० मिलिसेकंदांत काय होतं ते टिपायचं. असे दोनेकशे ठोके, दोन-सव्वादोन सेकंदांच्या अंतराने. सरासरी काढायची, कोणत्या जागी कोणत्या क्षणी खरा बदल झाला त्याचा ०-१ चा तक्ता करायचा, आणि तो तक्ता संगणकाच्या फाइलसारखा झिप करून बघायचा. गाढ झोपेत ठोका जागच्या जागी विरतो किंवा सगळीकडे एकसारखा पसरतो. दोन्ही तक्ते झटकन आकसतात. जागेपणी तो इकडून तिकडे फिरतो, दर ठिकाणी वेगळा उमटतो; तक्ता आकसत नाही. १५० जणांवर, ज्यांना आपला अनुभव स्वतः सांगता येत होता अशांवर, उंबरठा ठरला ०.३१.

केटामिनने हे माप खरं कसाला लावलं. प्रॉपोफॉल आणि झेनॉनच्या भुलीत आकडा पडतो. केटामिनच्या भुलीत माणूस तितकाच निपचित, पण आकडा जागेपणाइतका. आणि उठल्यावर हे लोक लांबलचक स्वप्नं सांगतात.

काय बिघडतं: ठोक्याबरोबर कॉइलचा (ठोका देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) 'टक्' आवाज येतो, तो ऐकूनही मेंदू प्रतिसाद देतो. कानात ठोक्याच्याच सुरातला गोंगाट सोडला नाही तर तुम्ही ऐकणं मोजून बसता. कानशिलाजवळ ठोका दिला तर जबड्याचा स्नायू आखडतो आणि ईईजी त्याच्याच विजेने भरतो. कॉइल मध्यरेषेकडे न्यावी किंवा फिरवावी. आणि ठोका मेलेल्या ऊतीवर दिला तर उत्तर शून्यच येणार. आधी एमआरआय बघून जागा ठरवायची, ती याचसाठी.

---

गोधडी

झोपेचा विषय निघालाच आहे म्हणून. 'कळवणं उशिरा केलं तर त्यावरून काय सिद्ध होतं?' हा वाद आपल्याकडे फार जुना आहे.

गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, 'सुखाने झोपलो, काहीच कळलं नाही.' अद्वैती म्हणतात: ही आठवण आहे, आणि अनुभवाशिवाय आठवण होत नाही, म्हणजे सुषुप्तीत काहीतरी साक्षी होतं. नैयायिक म्हणतात: आठवण कसली, हे अनुमान आहे. अंग हलकं वाटतंय, मधला काळ आठवत नाही, त्यावरून 'झोपलो होतो' असा निष्कर्ष काढलास. त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण. मनाशी संयोग नाही तर ज्ञानही नाही. चार्वाकांचं तिसरंच: किण्वातून (आंबवणातून) जशी मदशक्ती उपजते, तसं पृथ्वी-पाण्यासारख्या महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य.

हे 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या चालीवर लिहीत नाहीये. त्यांच्याकडे ईईजी नव्हता. पण 'उठल्यावरचं वाक्य ही आठवण की अनुमान?' हा प्रश्न आजही तसाच उभा आहे. २०१७ चा झोपेवरचा अभ्यास बघा: २५६ इलेक्ट्रोड लावून लोकांना रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवलं आणि 'आत्ता मनात काय चाललं होतं?' विचारलं. उत्तरांचे ढीग दोन नाही, तीन करावे लागले: अनुभव होता आणि तो हा, अनुभव होता पण काय ते सांगता येत नाही, काहीच नव्हतं. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक डोक्याच्या मागच्या भागातल्या संथ लाटांत दिसला: लाटा ओसरल्या की स्वप्न. मधला ढीग मात्र अद्वैती आणि नैयायिक दोघांनाही बोलवून दाखवावासा वाटतो.

---

टपरीवर

मधल्या ढिगावर दोघं आणखी हजार वर्षं भांडतील.

---

अर्धवट

गोधडी, सुरेख. आता या धाग्याच्या मुळावर येणारा युक्तिवाद मांडतो. २०१९ मध्ये डोरिग आणि सहकाऱ्यांनी तो धारदार केला.

समजा पेशींचं एक जाळं आहे, ज्यात संदेश फिरून मागे येतो. ते १० टप्पे चालतं. आता मागे येणारा प्रत्येक धागा कापा आणि त्याऐवजी जाळ्याच्या १० प्रती एकामागे एक लावा: पहिल्या प्रतीचं उत्तर दुसरीला, दुसरीचं तिसरीला. गोल जिना उलगडून सरळ केल्यासारखं. पेशी दसपट लागतील, पण आत तेच गेलं तर बाहेर तेच येईल. म्हणजे उत्तरं तीच, 'दिसलं' म्हणणं तेच, बटणं तीच.

आयआयटीनुसार पहिल्याला जाणीव आहे, दुसऱ्याचा फाय शून्य. लामच्या सिद्धान्तालाही हीच अडचण. पण प्रयोगात आपल्या हाती असतं ते फक्त कळवणं, आणि ते दोन्हीकडे अक्षरशः एकसारखं. म्हणजे असा सिद्धान्त कोणत्याही कळवण्याने खोटा ठरवता येत नाही, किंवा सरळ खोटा आहे. आयआयटीवाल्यांचं उत्तर असं की आम्ही मुळात दुसऱ्याच्या कळवण्यापासून निघतच नाही, स्वतःच्या अनुभवापासून निघतो. सुसंगत आहे, पण मग प्रयोगशाळेत न्यायचं काय?

चाल्मर्सचा 'कठीण प्रश्न' (एवढं सगळं यंत्र चालतं, पण त्याला आतून काहीतरी वाटतं का?) मला इथे जास्त नेमका दिसतो. तो पैजेत नव्हताच. पैज फक्त खुणेवर होती.

---

खुंटी

युक्तिवाद मान्य, पण तो फार काही सिद्ध करतो असं वाटत नाही. तापमापी आणि त्याचं हुबेहूब नाटक करणारी पेटी बाहेरून सारखंच दाखवतील, म्हणून उष्णतेचा सिद्धान्त निकामी होत नाही. बाहेरचं वागणं हाच एकमेव पुरावा असं कोण म्हणतं? आत उघडून बघता येतंच की.

---

अर्धवट

येतं. पण आत जे दिसलं त्याला 'ही जाणीव' असं नाव पहिल्यांदा कशाच्या आधारावर दिलं? कुणीतरी 'दिसलं' म्हणाला म्हणूनच ना. उष्णतेत हातापासून पाऱ्यापर्यंत, पाऱ्यापासून वायूपर्यंत मापकं एकमेकांवर तपासता आली. इथे दुसरा पारा अजून नाही. भुलभुलैयांचा ०.३१ हा उंबरठासुद्धा कळवू शकणाऱ्यांवरच बेतलेला आहे.

---

भुलभुलैया

अगदी तसाच आहे, आणि म्हणूनच तो कळवू न शकणाऱ्यांवर वापरताना जपून वापरायचा. प्रतिसादहीन ठरवलेल्या ४३ रुग्णांत ९ जणांचा आकडा उंबरठ्याच्या वर गेला. त्या ९ जणांना आत काहीतरी चाललंय असं मानून वागणं योग्य. उरलेल्या ३४ जणांना काहीच नाही, असं मानणं अयोग्य. मापाचा एकीकडचा निकाल दुसरीकडे उलटवता येत नाही.

हेच फंक्शनल एमआरआय आणि ईईजीच्या 'मनात टेनिस खेळा' छापाच्या चाचण्यांचं. २००६ साली प्रतिसादहीन समजलेल्या एका तरुणीला टेनिस खेळण्याची आणि मग घरात फिरण्याची कल्पना करायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा मेंदूचे तेच वेगळे भाग जागे झाले जे निरोगी माणसांत होतात. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात, बिछान्यापाशी सूचना न पाळणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांनी मेंदूतून सूचना पाळल्या. चौथा हिस्सा. बातम्यांनी इतकंच छापलं. त्याच अभ्यासात, बिछान्यापाशी सूचना स्पष्टपणे पाळणाऱ्या ११२ जणांपैकी फक्त ३८ टक्के लोक मेंदूच्या चाचणीत 'पास' झाले. चाचणी अशा लोकांनाही हुकवते, ज्यांच्याबद्दल शंकाच नाही.

---

खुंटी

हे जास्त उपयोगाचं. मग रुग्णाच्या घरच्यांनी आग्रह कशाचा धरायचा? स्कॅनर सगळीकडे नसतो.

---

भुलभुलैया

स्कॅनरच्या आधी चांगल्या तपासणीचा. २००९ च्या एका अभ्यासात, डॉक्टरांच्या एकमताने 'प्रतिसादहीन' ठरलेल्या ४४ जणांना ठरावीक प्रमाणित तपासणी लावली, तर १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. यंत्र नाही, वीज नाही.

तपासणी एकदा करून थांबायचं नाही. दोन आठवड्यांत किमान पाचदा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, कारण अशा रुग्णांची शुद्ध तासागणिक वरखाली होते. गुंगीची औषधं कोणती, शेवटची कधी दिली, हे आधी विचारायचं. ताप आणि जंतुसंसर्ग असताना घेतलेल्या निकालावर भरवसा ठेवायचा नाही. सूचना रुग्णाच्या भाषेत हवी. मराठीशिवाय दुसरं न कळणाऱ्या आजींना इंग्रजीत किंवा हिंदीत 'हात उचला' सांगून शून्य लिहिणं म्हणजे चाचणी नव्हे. आणि उत्तराला वेळ द्यायचा. दोन सेकंदांत पुढच्या सूचनेवर जायचं नाही.

नजर फिरते का हे बघायला पेन किंवा टॉर्च वापरतात. तिथे हातातला साधा आरसा घ्या. चेहऱ्यासमोर १० ते १५ सेंटिमीटरवर धरायचा, 'आरशात बघा' म्हणायचं, आणि मग अगदी हळू डावीकडे-उजवीकडे, वर-खाली ४५ अंशांपर्यंत न्यायचा, प्रत्येक आडव्या-उभ्या रेषेत दोनदा. नजर न सुटता निदान दोन वेळा मागे आली तर ती नोंद धरायची. वस्तूच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या मागे न फिरणारे डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरल्याचं बऱ्याच रुग्णांत दिसलेलं आहे.